दोन बोटांची टोपणं

रॉक म्हणजे आमच्या पिढीच्या लेखी नुसता गोंगाट! या वयात मी त्यावर लिहितोय म्हणून घरात हसू चाललंय. पण नातवाने सांगितलेली टोनी आयोमीची हकीकत काही मनातून जात नाही.

हा गडी इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा, जन्म १९४८चा. सतराव्या वर्षी गिटारपायी पत्र्याच्या कारखान्यातली नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी दुपारी जेवायला घरी आला, तो परत जाणारच नव्हता. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. गेला. प्रेसवरचा कामगार आला नव्हता म्हणून याला मशीनवर बसवलं, आणि उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आणि अनामिकेची टोकं गेली. त्यात हा डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच!

घरी पडून असताना कारखान्यातला वरिष्ठ एक रेकॉर्ड घेऊन आला. जँगो रेनहार्टची. १९२८ साली आगीत भाजून जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली होती, तरी तो उरलेल्या बोटांवर गिटार वाजवत होता.

मग टोनीने साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या. पुढे तारा सैल करून सूर खाली उतरवले. त्यातून जो जड, घुमणारा आवाज निघाला, त्यावर 'ब्लॅक सबाथ' हे बँड उभं राहिलं. १९७० साली पहिली रेकॉर्ड आली आणि हेवी मेटलची सुरुवात तिथूनच मानतात. जुलै २०२५मध्ये बर्मिंगहॅममध्येच निरोपाचा कार्यक्रम झाला, तेव्हाही बोटांवर टोपणं होतीच.

मी मराठी शिकवायचो. 'अपंगत्वावर मात' हे शब्द निबंधांत शेकडो वेळा तपासले. इथे मात कसली? गेलेली बोटं गेलीच. त्याने हाताला झेपेल तसं वाद्य करून घेतलं, इतकंच.

माझ्या एका विद्यार्थ्याचीही बोटं प्रेसमध्ये गेली. सुरेख चित्रं काढायचा. भेटायला येणारे सगळे नशिबाला बोल लावून, चहा पिऊन गेले. नुकसानभरपाईचं बोलणारे दोघे-तिघे निघाले, चित्रांचं कुणीच बोललं नाही. आता तो रात्रपाळीचा वॉचमन आहे.

टोनीची जिद्द मोठी खरीच. पण मला राहून राहून तो रेकॉर्ड घेऊन आलेला माणूस आठवतो. असो.