परीक्षेला आहे का?

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटवाली. शाळेत मराठी बोललं की एक रुपया दंड असायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

मॅनेजमेंटच्या पेपरच्या आदल्या रात्री मी आणि रूममेट 'मोटिव्हेशन थिअरीज' घोकत होतो. मॅस्लोचा पिरॅमिड : तळाला भूक, तहान, झोप; वर सुरक्षितता; मग आपुलकी, मग मान आणि टोकाला स्वतःतल्या क्षमता फुलवणं. रात्रीचे दोन वाजलेले, पोटात कावळे ओरडत होते. "आपण अजून तळमजल्यावरच आहोत गं!" रूममेट म्हणाली. गंमत म्हणजे मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात पिरॅमिडचं चित्रच नाही. आमचे मात्र आकृती नसली की मार्क कट!

हर्झबर्ग तर आमच्या मेसवरच लिहून गेलाय असं वाटतं. त्याच्या मते पगार, कामाची जागा अशा गोष्टी वाईट असल्या की माणूस कुरकुरतो. पण चांगल्या असल्या म्हणून जीव ओतून काम करतोच असं नाही. पोळी कच्ची असली की आम्ही बोंब मारतो, पण फीस्टच्या रात्री जास्त अभ्यास केलेला कोणी पाहिलाय?

मी अडकले ती एडवर्ड डेसीपाशी. १९७१ साली त्याने एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी दिली. काहींना एका फेरीत प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. पुढच्या फेरीत पैसे बंद केले, तर मोकळ्या वेळात ती मुलं कोड्यांना आधीपेक्षा कमी हात लावू लागली. नुसत्या शाबासकीने मात्र असं झालं नाही.

हे वाचलं आणि मला आजोबा आठवले. लहानपणी ते पेपरच्या कोऱ्या कडेवर मला कोडी घालायचे. मी जेवण विसरायचे. मग पप्पांनी कौतुकानेच ठरवलं, गणितात शंभर पडले की शंभर रुपये. शंभर पडतही गेले. एकदा आजोबांनी कोडं घातलं, तेव्हा मी विचारलं, "परीक्षेला आहे का?" ते हसले आणि पेपरची घडी घालून ठेवली. पुन्हा त्यांनी कोडं घातलं नाही, मीही मागितलं नाही. इथे आल्यावर एम-थ्रीला केटी लागली, तेव्हाही कारण कळलं नव्हतं. पप्पांचा राग नाही, पण नाद कधी सुटला ते समजलंच नाही.

गेल्या रविवारी फोन केला. "आजोबा, एक कोडं घाला ना." पलीकडे क्षणभर शांतता. मग आवाज आला, "परीक्षेला नाहीये हं!"

बारा नाणी, त्यातलं एक खोटं. ते हलकं की जड, माहीत नाही. तराजू तीनदाच वापरायचा.

उद्या सबमिशन आहे आणि मी नाणी तोलत बसलेय. तुम्हाला उत्तर आलं तर प्लीज, मला सांगू नका!