सुझदालचे मोजे

परगावी गेलेले काका घरी परतले की तुम्ही आधी काय बघता? काकांचा चेहरा? छे! काकांची बॅग! लहानपणी मीही तेच करायचो. म्हणून सप्टेंबर २०१७ मध्ये रशियातल्या सुझदाल गावी गेलो, तेव्हा माझ्या खिशात पासपोर्टाला चिकटून एक यादी होती. पुतणीला बाहुली, आईला एखादा डबा आणि आजीला लोकरीचे मोजे. नाशिकच्या थंडीत आजीचे पाय रात्रभर गार पडायचे.

सुझदाल अगदी चिमुकलं. वस्ती जेमतेम दहा हजारांची. मॉस्कोहून व्लादिमीरपर्यंत रेल्वेनं जायचं आणि पुढं बसनं, कारण सुझदालला रेल्वे कधी आलीच नाही. त्यामुळेच की काय, गावाचं जुनं रूप टिकून राहिलंय. घुमट मोजायला लागलात तर हातापायांची बोटं पुरायची नाहीत! गावाच्या मधोमध खांबाखांबांची लांबलचक बाजारपेठ आहे, १८०६ ते १८११ या काळात बांधलेली. मी तिथंच शिरलो.

दुकानं बघून डोळे दिपले. पण जरा चौकशी केल्यावर कळलं, की त्यातलं बरंचसं सुझदालचं नव्हतंच! पांढऱ्यावर निळी नक्षी असलेली भांडी मॉस्कोजवळच्या ग्झेलची, लाल-सोनेरी लाकडी चमचे निझनी नोवगोरोदकडचे, फुलाफुलांच्या शाली पावलोव्स्की पोसादच्या. खास सुझदालची म्हणाल तर काकडी! तिथं २००१ पासून जुलैमध्ये काकडीचा उत्सव भरू लागला. काकडीचा मुरंबासुद्धा मिळतो. मी चाखला. एकदा चाखला, पुरे झालं.

आईसाठी बर्चच्या सालीचा डबा घेतला. त्याला म्हणतात 'तुयेसोक'. त्यात मीठसुद्धा कोरडं राहतं. तो मात्र झकास निघाला. आई अजून त्यात जिरं ठेवते.

मग बाहुली. पोटात बाहुली, तिच्या पोटात बाहुली, ती 'मात्र्योश्का' तुम्हांला ठाऊकच असेल. पहिली मात्र्योश्का १८९० च्या दशकातली. झ्व्योज्दोच्किन नावाच्या कातारी कारागिरानं ती घडवली आणि माल्युतिन या चित्रकारानं रंगवली. आठ बाहुल्यांचा संच होता तो. आणि गंमत सांगू? ती करताना सगळ्यांत धाकटी बाहुली आधी घडवतात, मग तिच्या मापानं तिची थोरली बहीण, मग तिची थोरली. विकत घेताना प्रत्येक बाहुली स्वतःच्या हातानं उघडून बघायची. वरच्या आणि खालच्या अर्ध्यावरची नक्षी जुळते का, रंग ब्रशचा आहे की वरून चिकटवलेलं चित्र आहे, हे नीट पाहायचं. हे शहाणपण मला नंतर आलं बरं का! मी स्वस्तातली उचलली. पहिल्याच पावसाळ्यात ती अशी फुगली, की घरातल्या सगळ्यांनी ओढून पाहिलं, तरी दिवाळीपर्यंत उघडली नाही.

राहिले मोजे. बाजारपेठेबाहेर एका बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या. पायाशी काकड्यांची बादली, शेजारी पुठ्ठ्यावर करड्या मोज्यांचे चार जोड. मी विचारलं, "स्कोल्का?" म्हणजे, केवढ्याला? तीनशे रूबल. तेव्हा रूबल आणि रुपया जवळजवळ सारखेच होते. मी मोबाइलवर दीडशेचा आकडा काढून दाखवला. आपली सवय!

आजीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी एक मोजा उलटा केला, आतून टाचेवर बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरला. कुठं शिवण नाही, गाठ नाही. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या, "सामा." मी स्वतः विणलेत.

मला कळत होतं हो. पण आपल्या मंडईत कसं, चार पावलं पुढं गेलं की भाजीवाली हाक मारते. मी चार पावलं गेलो. आठ गेलो. कोपऱ्यापर्यंत गेलो. हाक आली नाही, आणि मागं वळायची मला लाज वाटली.

संध्याकाळी गारठा पडला तसा तीनशे रूबल मुठीत धरून धावत गेलो. बाक रिकामा होता. बादलीच्या जागी पाण्याचा ओला गोल उरला होता. सकाळी माझी बस होती. शेवटी व्लादिमीरच्या एका दुकानात मोजे घेतले. त्यांवर हरणांची छान रांग होती. किंमत साडेतीनशे.

नाशिकला आजीनं पुडा उघडला. तिनं सगळ्या नातवंडांचे स्वेटर स्वतः विणलेले. हरणांकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. मोजा उलटा केला आणि आतून टाचेवर बोट फिरवलं. अगदी तस्संच.

"यंत्राचे आहेत रे," ती म्हणाली. मग माझ्याकडं बघून दोन्ही मोजे पायांत चढवत म्हणाली, "पण ऊब आहे हो."