बोलणारं हरीण आणि चारुदत्ताचा बोकड



सुट्ट्या जवळ आल्या की तुमच्यापैकी बऱ्याच जणी विचारतात, मुलांना वाचायला काय द्यावं? आठ-नऊ वर्षांपर्यंत अडचण नसते, पाठशाळेतल्या चित्रकथा पुरतात. अकराव्या-बाराव्या वर्षी मात्र पोरांना जादू, खजिना, राक्षस, दूरदेशीचे प्रवास हवे असतात. आपल्याला धास्ती वाटते, की पानोपानी कापाकापी असणार.

माझा नातू तर एकदा सरळच म्हणाला, “आजी, आपल्या गोष्टींतले हिरो शेवटी दीक्षा घेतात. ते मारत नाहीत, म्हणजे त्यांना लढता येत नाही का?” हे ऐकून मी गप्पच झाले. अहिंसा म्हणजे भित्र्यांचं काम, असं या वयात मनात बसलं तर पुढे कितीही प्रवचनं ऐकवून उपयोग नाही.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत आणखी एका आजीला अशीच काळजी आहे. त्या ख्रिस्ती, माहेर नगरचं. त्यांची भीती थोडी वेगळी. चेटूक-मंत्रतंत्रात रमून नात प्रार्थना विसरेल, असं त्यांना वाटतं. पण त्यांच्याकडे पुस्तकांची यादी तयार होती! प्रवासाच्या, साहसाच्या गोष्टीतून श्रद्धा सांगायची रीत त्यांच्याकडे जुनी आहे. बनियनचं ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ 1678 सालचं. हरि केशवजींनी ते 1841 मध्ये ‘यात्रिकक्रमण’ नावाने मराठीत आणलं. पुढे टॉल्किनचं ‘हॉबिट’ आलं 1937 मध्ये आणि त्यांचे मित्र सी. एस. लुईस यांची ‘नार्निया’ची सात पुस्तकं 1950 ते 1956 या काळात. दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती.

“अहो ताई, आधी तुम्ही वाचा, मगच नातवाला द्या,” असं म्हणून त्यांनी पिशवीभर पुस्तकं आणून दिली. दुपारची कामं आवरून मी रोज थोडं थोडं वाचलं.

‘हॉबिट’मध्ये एक प्रसंग आहे. बिल्बो अंधाऱ्या गुहेत अडकलाय. हातात तलवार आहे, बोटातल्या अंगठीमुळे तो कुणाला दिसत नाही. वाटेत गॉलम नावाचा दुष्ट प्राणी बसलाय. एक वार केला की सुटका. पण बिल्बोला त्याची दया येते आणि तो त्याच्यावरून उडी मारून निघून जातो. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या शेवटी जगावरचं संकट टळतं ते या गॉलममुळेच, कारण तो जिवंत असतो. मी बी.कॉम. झालेली, हिशेबाची सवय आहे. म्हटलं, ही दया किती वर्षांनी जमेला आली पाहा! नातवाला विचारलं, “याला मारता येत नव्हतं का?” तो म्हणाला, “येत होतं की. त्याने मारलं नाही.” त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यानेच दिलं.

सगळंच आपल्याला पटेल असं नाही. नार्नियात मुलं बीव्हरच्या घरी मासे खातात. 1953 च्या ‘द सिल्व्हर चेअर’मध्ये राक्षसांच्या वाड्यात मुलं मांस खातात आणि मग कळतं, की ते बोलणाऱ्या हरणाचं होतं. ती हादरून जातात. नातवाने पुस्तक मिटलं आणि विचारलं, “बोलणारं होतं म्हणून वाईट वाटलं. मग न बोलणारं?” मी हाच प्रश्न शेजारच्या आजींना सांगितला. त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “आमच्याकडे याचं उत्तर वेगळं आहे, पण प्रश्न चांगला आहे.” आम्ही दोघींनी वाद घातला नाही.

मग मी माझी गोष्ट काढली, चारुदत्ताची. संघदासगणींच्या ‘वसुदेवहिंडी’त ती आहे, जैन महाराष्ट्री प्राकृतात. जिनसेनांच्या इ.स. 783 च्या ‘हरिवंशपुराणा’तही आहे, म्हणजे श्वेतांबर आणि दिगंबर दोघांचीही. व्यापारासाठी निघालेला चारुदत्त रत्नद्वीपाला जायला निघतो. वाट अशी बिकट, की बोकडाच्या कातड्यात शिरून बसायचं आणि प्रचंड भारुंड पक्ष्यांनी मांसाचा गोळा समजून उचलून न्यायचं. चारुदत्त बोकड मारू नका म्हणतो, पण सोबती रुद्रदत्त ऐकत नाही. तेव्हा मरणाऱ्या बोकडाला चारुदत्त नवकार ऐकवतो. ज्याला वाचवता आलं नाही त्याच्याच कातड्यात बसून तो आकाशातून जातो. पुढे तोच बोकड देव होऊन येतो आणि मुनींच्या आधी चारुदत्ताला वंदन करतो. सिंदबादच्या तोडीचा प्रवास आहे हा! शेजारची नातही ऐकायला आली होती. बोकडापाशी दोन्ही पोरं गप्प झाली.

म्हणून मी आता पुस्तकात लढाया किती आहेत, हे मोजत नाही. मारल्यावर नायकाला काही वाटतं का? दया दाखवणारा धाडसी आहे की बावळट? केलेल्या कर्माचं फळ गोष्टीत दिसतं का? एवढं पाहते. निव्वळ मराठी आणि आपल्या पुण्यातलं हवं असेल तर भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आहेच. तो डोकं आणि पाय चालवून संकटातून सुटतो.

आणि पुस्तक देऊन मोकळ्या होऊ नका. रात्री अंथरुणं घालताना पोराला विचारा, आज कुठे थांबलास? चारुदत्ताची गोष्ट मात्र तुम्ही तोंडीच सांगा. आपल्या घरात ती कुणीतरी सांगायला हवी.