घडीच्या खुर्चीचें युद्ध

हास्यरसाविषयीं मीं कांहीं लिहिलें हें माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना कळलें, तर प्रथम तेच हंसतील. एकतीस वर्षें मीं शाळेंत संस्कृत शिकविलें, आणि तितकींच वर्षें वर्गांत मोठ्यानें हंसणें हा प्रमाद मानला. तथापि २०२५ च्या ऑगस्ट महिन्यांत घडलेली एक क्षुल्लक गोष्ट अजून मनांतून जात नाहीं, म्हणून ती वाचकांपुढें ठेवतों.

आम्ही उभयतां तेव्हां जर्मनींत, म्यूनिक शहरीं, चिरंजीवांकडे होतों. त्याच सुमारास 'दास कानू देस मानिटू' हा विनोदी चित्रपट तेथील चित्रगृहांत लागला. २००१ सालच्या 'देर शू देस मानिटू', म्हणजे 'मानिटूचा जोडा', या चित्रपटाचा हा पुढील भाग. नवा पाहण्यापूर्वीं जुना पाहिलाच पाहिजे, असा हट्ट आमच्या दहा वर्षांच्या नातवानें धरला, आणि एका पावसाळी शनिवारीं सायंकाळीं सर्व मंडळी घरच्या पडद्यासमोर बसली. शेजारच्या जर्मन आजीबाईही आल्या. सत्तरी उलटलेल्या या बाई एकट्याच राहतात. त्यांची आणि माझ्या पत्नीची मैत्री कोणत्या भाषेंत चालते, हें मला तीन महिन्यांत उमगलें नाहीं.

पूर्वपीठिका सांगितल्यावांचून पुढील गोष्ट कळावयाची नाहीं. कार्ल माय (१८४२–१९१२) हा सॅक्सनी प्रांतांतील लेखक. तरुणपणीं चोरी व फसवणूक यांपायीं तुरुंगवास भोगलेल्या या गृहस्थानें अमेरिकेंतील अपाची जमातीचा विनेटू नांवाचा एक उदात्त नायक निर्माण केला, आणि जर्मन मुलांच्या कित्येक पिढ्या त्याच्या कथांवर वाढल्या. 'विनेटू' ही कादंबरी निघाली १८९३ सालीं. लेखकानें अमेरिकेच्या भूमीवर पाऊल ठेवलें तें १९०८ सालीं! १९६२ पासून या कथांवर चित्रपट निघाले. त्यांत विनेटू झाला पिएर ब्रीस हा फ्रेंच नट, आणि अपाचींचे डोंगर झाले तेव्हांच्या युगोस्लाव्हियांतले. या सर्व थाटाचें विडंबन मिखाएल 'बुली' हेर्बिग या म्यूनिकच्याच नटानें केलें. तोच दिग्दर्शक, आणि जुळ्या भावांच्या दोन्ही भूमिकाही त्याच्याच. एकट्या जर्मनींत १ कोटी १० लाखांहून अधिक लोकांनीं चित्रगृहांत जाऊन तो पाहिला.

आणि पाहिलें तरी काय? आबाहाची नांवाचा अपाची सरदार अस्सल बव्हेरियन बोलींत बोलतो. शोशोनी लोकांकडून कर्ज काढून तो एक मद्यगृह विकत घेण्यास निघतो. विकणारा ठक निघतो आणि इमारत म्हणजे नुसती दर्शनी भिंत. ती सर्वांच्या देखत कोसळते. जर्मन भाषेंत वैर आरंभण्याला 'युद्धाची कुऱ्हाड उकरून काढणें' असें म्हणतात. येथें शोशोनी कुऱ्हाडीऐवजीं घडीची खुर्ची उकरून काढतात! हें वाक्य येतांच नातू जमिनीवर लोळला, सूनबाईंनीं पदर नसल्यामुळें उशी तोंडाला लावली, आणि मी चष्मा वर करून 'यांत हंसण्यासारखें काय?' असें विचारलें. त्यावर मंडळी आणखीच हंसली.

आमच्या सौभाग्यवतींना जर्मन भाषेचें एक अक्षर येत नाहीं. परंतु भिंत कोसळल्यापासून त्या जें हंसूं लागल्या, तें शेवटपर्यंत. मागाहून मीं छेडलें, तेव्हां म्हणाल्या, "पडणारा माणूस कुठल्याही भाषेंत पडतोच."

चित्रपट संपल्यावर जेवणाच्या टेबलाशीं खरी जुगलबंदी जुंपली. चिरंजीवांचें मत, पोरकट आहे आणि म्हणूनच बरा आहे. सूनबाईंच्या मतें पहिला अर्धा भाग झकास, पुढें ताणला आहे. आमची सतरा वर्षांची नात मात्र मध्यंतरापासून गप्प होती. आबाहाचीचा जुळा भाऊ विनेटच हा बायकी हावभाव करणारा, सौंदर्योपचारांचें दुकान चालविणारा दाखविला आहे, आणि तो पडद्यावर आला कीं हंसायचें असा संकेतच आहे. ती म्हणाली, "आमच्या वर्गांत एका मुलाला याच नांवानें हाक मारतात. तो पण हंसतो, पण मीं त्याला मधल्या सुटींत पाहिलं आहे." शिवाय ज्या अपाचींची भूमि गेली, त्यांच्या पिसांचा आणि रंगाचा आपण खेळ कां करावा, हाही तिचा प्रश्न होता. २०२२ सालीं रावेन्सबुर्गर या प्रकाशनसंस्थेनें विनेटूवरचीं मुलांचीं पुस्तकें याच आक्षेपामुळें बाजारांतून परत घेतलीं व जर्मनीभर वाद माजला, हें तिनेंच सांगितलें.

यावर नातू उसळून म्हणाला, "ताई, ते इंडियन नाहींतच! ते म्यूनिकचे आहेत!"

मला राहवलें नाहीं. भरतमुनींनीं हास्याचे सहा प्रकार सांगून स्मित आणि हसित हीं उत्तम प्रकृतीच्या माणसांचीं, व खदाखदा हंसणें अधमांचें ठरविलें आहे, हें मीं सविस्तर सांगितलें आणि चित्रपटाला 'ग्राम्य' म्हणून निकालांत काढलें. चिरंजीव शांतपणें म्हणाले, "अण्णा, 'वस्त्रहरण' पाहतांना तुम्हीं उपरण्यानें डोळे पुसत होतां. तिथंही पांडव मालवणींत बोलतात."

"तें वेगळें," मी म्हणालों. कां वेगळें, हें मात्र सांगतां येईना.

आजीबाई इतका वेळ बोलल्या नव्हत्या. नातीनें त्यांना विचारलें, त्यावर त्या जें बोलल्या तें तिनेंच मला मराठींत सांगितलें. त्यांच्या यजमानांनीं लहानपणीं विनेटूच्या कथा पांघरुणांत दिवा घेऊन वाचल्या होत्या. २००१ सालीं हीं दोघें हा चित्रपट पाहावयास गेलीं, तेव्हां आपल्या दैवताची थट्टा पाहून यजमान रागावतील अशी बाईंना धास्ती होती. ते इतके हंसले कीं त्यांना श्वास घेण्यासाठीं बाहेर यावें लागलें. आज ते हयात नाहींत. "मला हा चित्रपट फारसा आवडत नाहीं," बाई म्हणाल्या, "पण कुठें लागला कीं मी पाहते. घडीच्या खुर्चीपाशीं मला त्यांचं हंसणं ऐकूं येतं."

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. शृंगाराच्या अनुकरणांतून हास्य उपजतें असें भरतमुनि सांगतात, आणि अभिनवगुप्ताचार्यांनीं त्यावर आणखी पुढें जाऊन कोणत्याही रसाचा आभास हास्याला कारण होतो असें म्हटलें आहे. म्हणजे विनेटूच्या वीररसाचा आभास झाला कीं हास्य येणारच. नातवानें हेंच चार शब्दांत सांगितलें होतें. जर्मन माणूस येथें स्वतःच्याच बालपणाला हंसतो. आमच्या कवींनींही विदूषक केला तो ब्राह्मणच, खादाड आणि भित्रा. परंतु विनेटचच्या बाबतींत हा न्याय लागत नाहीं. तेथें हंसणारा एक आणि सोसणारा दुसरा. नातीचा मुद्दा मला खोडतां आला नाहीं, आणि माझा 'ग्राम्य' हा शब्द तर कोणाच्याच उपयोगाचा नव्हता.

मग एक जुना वर्ग आठवला. मी उशिरां आलों होतों आणि आठवींतला एक मुलगा माझ्या खुर्चीवर बसून 'रामः रामौ रामाः' चालवीत होता. तीच मान, तीच चिमटींतली तपकीर, द्विवचनावरचा तोच जोर. वर्ग हंसत होता. मीं त्याला सबंध तास बाकावर उभें केलें आणि सायंकाळीं वडिलांना बोलावून घेतलें. पुढें दोन वर्षें तो माझ्या वर्गांत होता; उत्तरें बिनचूक देई. अलीकडे टपालकचेरींत भेटला, तेव्हां वांकून नमस्कार केला, माझें काम रांगेबाहेर करून दिलें. मीं मुद्दाम एक विनोद केला. तो "होय सर" म्हणाला.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं फिरून आलों, तों बैठकींत हंशा चालला होता. दारांतून पाहिलें. नातवानें गच्चींतली घडीची खुर्ची मधोमध मांडली होती, खांद्यावर आजीचा पंचा होता, आणि सूतळीचा चष्मा करून तो ताठ बसला होता. कोणी पडल्याची कल्पना करून तो दचके, चष्मा वर करी आणि म्हणे, "यांत हंसण्यासारखें काय?" आजीबाई आणि आमच्या सौभाग्यवती एकमेकींना धरून हंसत होत्या. नातही हंसत होती.

मी दिसतांच सगळें थांबलें. पोरगा खुर्चीवरून उठला आणि पंचा मागें लपवूं लागला.

मीं त्याला पुन्हां बसावयास सांगितलें आणि म्हटलें, "चष्मा मी डाव्या हातानें वर करतों. उजव्या हातांत तपकीर असते."