चोविसावा हिस्सा

उस्मानपुऱ्यांतील आमच्या घराची मागची खोली पूर्वीं धान्याची होती. आतां ती कारखान्याची आहे. कारखाना म्हणजे एक टेबल, एक दिवा, एक भिंग, चार कानशी, दोन चिमटे आणि एक खुर्ची. गेल्या सहा वर्षांत या कारखान्यांतून अकरा मालमोटारी बाहेर पडल्या, परंतु त्यांतील एकीनेंहि अद्याप शेरभर माल वाहिलेला नाहीं. घरांतील मंडळी प्रथम याला खेळ म्हणत असे, मग नाद म्हणूं लागली, आणि आतां कांहींच म्हणत नाहीं. हें मौन म्हणजे संमति, असा सोयीस्कर अर्थ आम्हीं करून घेतला आहे.

जुन्या मालमोटारींच्या हुबेहूब लहान प्रतिकृति करण्याचा छंद कांहीं आमच्यापासून सुरू झालेला नाहीं. इंग्लंडांत लेस्नी कंपनीनें १९५३ पासून आगपेटींत मावतील अशा गाड्या विकावयास काढल्या. कंपनीच्या एका भागीदाराच्या मुलीला शाळेंत आगपेटीएवढेंच खेळणें नेण्याची मुभा होती, त्यांतून ही कल्पना निघाली असें सांगतात. त्या गाड्यांचा आकार आगपेटीनें ठरविला होता. मापाचा आग्रह तेथें नव्हता. आमच्या छंदांत माप हेंच सर्वस्व. आम्ही चोविसास एक हें प्रमाण धरतों, म्हणजे खऱ्या गाडीचा एक फूट आमच्या टेबलावर अर्धा इंच होतो. या हिशेबांत सूट नाहीं. केसाएवढी चूक येथें बोटाएवढी दिसते, आणि ती पाहुण्याला दिसली नाहीं तरी करणाऱ्याला रात्रीं झोपूं देत नाहीं.

बारावी गाडी आम्हीं इतकीं वर्षें मुद्दाम मागें ठेविली होती. ती आमच्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, गाडी. टाटांच्या कंपनीनें १९५४ सालीं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशीं पंधरा वर्षांचा करार केला व जमशेदपुरास मालमोटारी बांधावयास आरंभ केला. १९६९ मध्यें करार संपला, आणि गाडीच्या नाकावरील तीन टोकांचा तारा जाऊन तेथें टाटांचें अक्षर आलें. अण्णांची गाडी १९६२ ची, दुसऱ्या हातची, म्हणून ताऱ्याची.

आतां अडचण अशी कीं, या गाडीचा नकाशा कोठें मिळणार? नाकाडाचा व सांगाड्याचा मिळेल, मागचा मिळणार नाहीं. त्या काळीं कारखाना बहुधा चाकांवरचा उघडा सांगाडा आणि पुढचें नाक एवढेंच देई. चालक डोक्याला फडकें बांधून तो सांगाडा ऊन-पाऊस खात शेंकडों मैल हांकीत आणी, आणि मग गांवचा सुतार त्यावर केबिन व हौदा चढवी. साहजिकच दोन गाड्यांचे हौदे कधीं सारखे निघाले नाहींत. सुताराच्या मनांत आलें तेथें खिडकी, मालकाच्या खिशाला परवडली तेवढी नक्षी. जर्मन यंत्रावर मराठवाड्याच्या सुतारानें आपलें घर बांधलेलें असे. आम्हांला विचाराल तर या गाडीची खरी शोभा त्या घरांतच होती.

आमच्याजवळ उरला होता एक फोटो. पण त्या फोटोंत चाक होतें, आणि चाकाची रिम २० इंचांची, हें आम्हांस पक्कें ठाऊक. आमच्या प्रमाणांत ती २१ मिलिमीटर. फोटोंतील रिमेवर पट्टी ठेवून केबिनीची उंची काढली, केबिनीवरून खिडकी, खिडकीवरून फाळका. कॅमेऱ्यापासून दूर गेलेली बाजू लहान दिसते, म्हणून तिकडचें माप थोडें वाढवून घ्यावें लागलें. चाकें रबरी चपलेच्या तळाचीं केलीं, पाटे घड्याळाच्या जुन्या कमानीचे, सांगाडा पितळी पत्र्याचा. मागें 'हॉर्न ओके प्लीज' हीं अक्षरें भिंगाखालीं रंगविण्यांत तीन रविवार गेले. महाराष्ट्रांत २०१५ सालीं हीं अक्षरें लिहिण्यास बंदी झाली, लोक विनाकारण भोंगा वाजवितात म्हणून. आमची गाडी रस्त्यावर येणार नसल्यामुळें ती या कायद्यांतून सुटली असावी!

सर्वांत सुबक झालें तें उजवें दार. बारीक बिजागऱ्यांवर तें अगदीं खऱ्यासारखें उघडतें. डावें आम्हीं चिकटवून टाकलें. दुसऱ्या बिजागऱ्या करण्याचा कंटाळा, असें आम्हीं त्या वेळीं स्वतःस सांगितलें.

येथें एक जुनी गोष्ट सांगणें भाग आहे. शहराचें नांव औरंगाबाद होतें तेव्हां, १९८१ सालीं, आम्ही कॉलेजांत गेलों. बिऱ्हाड जुन्या मोंढ्याजवळ, कॉलेज स्टेशनच्या रस्त्यावर. अण्णा सकाळीं गाडी काढीत व आम्हांस वाटेंत सोडीत. कॉलेजच्या फाटकाशीं स्कूटरवरून उतरणारे सोबती असत. त्यांच्यादेखत कापसाचे तंतु अंगावर घेऊन मालमोटारींतून उतरणें आमच्यानें होईना. मित्र वाट पाहतो आहे असें सांगून आम्ही क्रांति चौकांतच उतरत असूं व पुढें पायीं जात असूं. अण्णांनीं त्या मित्राचें नांव कधीं विचारलें नाहीं. पुढें १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अण्णांचें मुंबईचें कापसाचें भाडें बसलें. दोन वर्षें त्यांनीं कशीबशी रेटलीं. १९८४ सालीं गाडी भंगारांत गेली. तिच्या पैशांत आमचें शेवटचें वर्ष पार पडलें.

अण्णा आज ८८ वर्षांचे आहेत. काचबिंदूनें दोन्ही डोळे गेले. गाडी पुरी झाली त्या दिवशीं आम्हीं ती त्यांच्या मांडीवर ठेविली व कांहीं न सांगतां समोर बसलों. त्यांचीं बोटें प्रथम नाकावर गेलीं, ताऱ्यावर थांबलीं. मग त्यांनीं अंगठ्यानें पाटे दाबून पाहिले, फाळक्याची सांखळी चांचपली, आणि म्हणाले, "एक कडी जास्त घातलीस." आम्हीं मोजली, होती. उजवें दार त्यांनीं दोनदां उघडलें-मिटलें. मग नख डाव्या दाराच्या फटीवर गेलें, आणि तेथेंच फिरत राहिलें.

"हे उघडत नाही?"

"नाही, अण्णा."

"क्रांति चौकात तर लगेच उघडायचं," अण्णा म्हणाले, आणि गाडी आमच्या हातांत देऊन त्यांनीं चहा मागितला.

त्याच रात्रीं आम्हीं ॲसिटोनचा बोळा दारावर धरला. गोंद सुटला, पण त्यासरशीं डाव्या बाजूचा सारा रंगहि गेला. चार महिन्यांचें काम एका बोळ्यांत पुसलें गेलें. आतां नवें दार कापून तयार आहे. बिजागरीची खीळ टाचणीची. तिच्यासाठीं भोंक पाडतांना आजवर ड्रिलचीं तीन बिटें मोडलीं, चौथें काल आणलें. दिवेलागणीला अण्णा भिंतीच्या आधारानें मागच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत येतात आणि विचारतात, "बसलं का रे दार?"