मनगट धरून (इंग्लंडची दैनंदिनी : भाग ४)

मंगळवार, किल्पेक

गेल्या भागात पावसाने आम्हाला हेरफर्डच्या खोलीत कोंडून घातलं होतं. आज उघडीप. गाडी ताईची आणि नकाशा माझ्या हाती, त्यामुळे दोनदा रस्ता चुकून किल्पेकला पोचलो.

वेल्सच्या सीमेवरचा हा मुलूख. नॉर्मन सरदारांनी इथे गढ्या बांधल्या आणि गढीच्या अंगाला चर्च. किल्पेकचं चर्च साधारण ११४०चं, तांबड्या वालुकाश्माचं. छपराच्या वळचणीखाली ८५ कोरीव दगड ओळीने बसवलेत. कुत्रा आणि ससा तर असे गळ्यात गळा घालून बसलेत, की मुलांच्या मासिकातून उतरलेत असं वाटावं. पुढे एक उघडीवाघडी बाई, दोन्ही हातांनी योनी फाकवून दाखवणारी. ताई म्हणाली, "अगं, हे चर्चवर?" आपल्या देवळांवरची मिथुनशिल्पं पाहून नाकं मुरडणारे साहेब याच देशातून आले होते, हे आठवून मला हसू आवरेना.

बुधवार, शॉबडन

किल्पेकला पाहिलेली कोरीव कामाची शैली जिथून सुरू झाली असं मानतात, ते हे गाव. ह्यू द मॉर्टिमर या सरदाराचा कारभारी ऑलिव्हर द मर्लिमंड स्पेनमधल्या सांतियागोची यात्रा करून आला होता. त्याने ११३०च्या दशकात इथे चर्च बांधवलं. वाटेत पाहिलेली फ्रान्समधली चर्चं त्याच्या डोळ्यांत असणार.

ते चर्च १७५०च्या सुमारास इथल्या जमीनदारांनी पाडलं आणि नव्या फॅशनचं बांधलं. आतून पांढरं आणि फिकट निळं, लग्नाच्या केकसारखं. जुन्या कमानी तेवढ्या पलीकडच्या टेकडीवर शोभेला नेऊन उभ्या केल्या. सहाशे वर्षं छपराखाली जपलेलं काम तेव्हापासून पाऊस आणि थंडी खातंय. चेहरे पुसलेत. बोट फिरवलं की नुसती रेती हाताला लागते. चर्चमध्ये मात्र जुनं, दगडी बाप्तिस्माकुंड आहे, त्याच्या पायाभोवती सिंह फिरताहेत. ते पाहिलं, आणि उरलेले दोन दिवस फक्त कुंडांसाठी द्यायचं ठरवलं.

गुरुवार, अर्ड्सली

बाप्तिस्मा हा शब्द आपल्याला 'स्मृतिचित्रे'मुळे ओळखीचा. पण मध्ययुगातल्या इंग्रज खेड्यात त्याचा अर्थ फार रोकडा होता. मूल जन्मलं की होईल तितक्या लवकर आणायचं आणि कुंडात बुडवून काढायचं. त्याआधी ते दगावलं तर स्वर्गाचं दार बंद, अशी श्रद्धा. म्हणून कुंडं अख्खं तान्हं मूल मावेल एवढी मोठी. मंतरलेलं पाणी त्यातच भरून ठेवत. ते कोणी जादूटोण्यासाठी पळवू नये म्हणून १२३६ साली कँटरबरीच्या आर्चबिशपने कुंडांवर झाकण आणि कुलूप घालायचा हुकूम काढला. पुढे १६४५मध्ये प्युरिटन मंडळींच्या उपासनापद्धतीने कुंडाजवळ बाप्तिस्मा द्यायलाच मनाई केली. साधी परात चालेल, पण हे कुंड नको! कित्येक कुंडं तेव्हा बाहेर फेकली गेली. काहींची गुरांना पाणी पाजायची डोण झाली.

अर्ड्सलीचं कुंड साधारण ११५०चं. आकार उभ्या डमरूसारखा, कंबरेला बारीक. एका बाजूला दोन योद्धे झुंजताहेत, एकाचा भाला दुसऱ्याच्या मांडीत. सासऱ्याला मारणारा राल्फ द बास्करविल तो हाच, असं गावात सांगतात. (होय, शेरलॉक होम्सच्या गोष्टीतलंच आडनाव.) त्यांच्या अंगावरच्या कपड्यांना एकसारख्या बारीक चुण्या, नुकत्या इस्त्री केल्यासारख्या.

मी थांबले ती दुसऱ्या बाजूला. मृत्यूनंतर ख्रिस्त पाताळात उतरला आणि त्याने तिथल्या जिवांना सोडवलं, तो प्रसंग. पाताळ म्हणजे इथे नुसता वेलींचा गुंता. त्यात एक छोटा माणूस अडकलाय आणि ख्रिस्त त्याला हाताला धरून ओढतोय. आशीर्वाद वगैरे काही नाही. विहिरीत पडलेल्या पोराला वर काढावं तशी सरळ खेच. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईने तान्हं बाळ हातात घेऊन याच्यासमोर उभं राहावं, मग तिला आणखी काय समजावून सांगायचं?

फुलं बदलायला आलेल्या एक आजी म्हणाल्या, "अजून वापरतो की आम्ही! पाणी घरून थर्मासमधून आणतो, कोमट. नाहीतर बाळं रडतात." नऊशे वर्षांच्या दगडापाशी थर्मास! ताईने तेवढं वाक्य वहीत लिहून घ्यायला लावलं.

शुक्रवार, कासल फ्रोम

चढावरचं एवढंसं चर्च, आत कोणी नाही. कुंड साधारण ११७०चं, चर्चच्या मानाने अवाढव्य. वाकलेली माणसं त्याचा भार पाठीवर घेऊन बसलीत. वर योहान ख्रिस्ताला बाप्तिस्मा देतोय, वरून देवाचा हात आणि कबुतर. पाणी कसं दाखवावं? शिल्पकाराने एकात एक वर्तुळं कोरली आणि त्यांत मासे सोडले.

ताई गुडघ्यांवर बसून खालच्या माणसांची तोंडं बघत होती. "यांना कोण वर काढणार गं?" तिने विचारलं. मला उत्तर सुचलं नाही. उठताना तिचा गुडघा धरला, तेव्हा मी तिला हाताला धरून उभं केलं.

उद्या ग्लॉस्टर.