गंजलेला नट आणि धरलेला अबोला

माऊली, आपल्या संतांनी परमार्थ सांगितला तो आपापले काम करता करता. गोरोबाकाकांच्या हाती चिखल होता, सावता महाराजांच्या हाती खुरपे, नरहरी महाराजांच्या हाती सोनाराची हातोडी. म्हणून आज दृष्टांताला ट्रकच्या मिस्त्रीचे काम घेतो. हात काळे करणारे काम आहे म्हणून दूर सारू नका.

आमचा पन्हाळा पावसाचा. तालुक्यात ऊस मोठा. वारणानगर, आसुर्ले-पोर्ले येथे साखर कारखाने आहेत. गळीत संपले की उसाचे कितीतरी ट्रक पावसाळाभर उघड्यावर उभे असतात. दसऱ्याच्या सुमारास पुढच्या हंगामाची तयारी सुरू होते आणि मिस्त्री कमानपाटे बदलायला घेतो. तुटका पाटा निघायला तयार असतो. अडवतो तो यू-बोल्टचा नट. पाटे ॲक्सलला आवळून धरणारा हा बोल्ट. त्याच्या आट्यांत पाणी शिरते, गंज चढतो. मूळ लोखंडापेक्षा गंजाला जागा जास्त लागते. आट्यांतली बारीक फट तो भरून टाकतो आणि नट जागचा हलत नाही.

भावाभावांतला अबोला असाच असतो. बांधावरचे हातभर रान, लग्नातला मानपान, दिंडीत विणा कोणी घ्यायचा, कारण एवढेसे. पण बोलणे थांबले, पावसाळे गेले, आणि रागाने मूळ कारणापेक्षा जास्त जागा घेतली. दोघेही माळकरी, दोघांची एकादशी चुकत नाही. वारीत अनोळखी माणसाच्याही पाया पडतील, पण समोर भाऊ आला की मान फिरवतील. मग सांगा, ही वारी कोणाला पोचली?

आता मिस्त्री काय करतो ते पाहा. गाडी जॅकवर उचलली तरी तेवढ्या भरवशावर तो खाली शिरत नाही. आधी घोडी लावतो, चाकांना ठोकळे लावतो. मग तारेच्या ब्रशने उघडे आटे साफ करतो, गंज सोडवणारे तेल घालतो आणि रात्रभर तसेच ठेवतो. तेल फटीतून आपले आपण आत झिरपते. त्याला वेळ द्यावा लागतो. आपण मात्र एकदा गोड बोलतो आणि लगेच उत्तर मागतो.

सकाळी तो नटाच्या अंगावर बेताचे टोले देतो, म्हणजे गंजाची पकड हलते. मग पाना. नवशिका पान्याला लांब पाइप लावून सगळा जोर एकदम काढतो आणि बोल्ट पिळून तुटतो. जाणता मिस्त्री थोडे सोडवतो, अडले की थोडे मागे फिरवतो, पुन्हा तेल घालतो, पुन्हा पुढे. मागे फिरवण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. समेटातही दोन पावले मागे यावे लागते.

एवढ्यानेही भागले नाही तर गॅसची आच. तापला की नट फुगतो, आतला गंज तडकतो आणि पकड ढिली होते. पण डिझेलची टाकी आणि ब्रेकचे पाइप तो आधी पाहून घेतो, आणि पाट्याला आच लागू देत नाही. पाटा तापला तर त्याचे पाणी उतरते, मग तो ओझ्याखाली टिकत नाही. कठोर शब्द बोलायची वेळ आलीच तर तो चुकीवर बोलावा, माणसाच्या वर्मावर नव्हे.

आणि काहीच चालले नाही तर मिस्त्री बोल्ट कापून टाकतो. त्यात नुकसान नाही. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतोच. नवा घालायचा असतो. ॲक्सल राखायचा असतो. हातभर बांध म्हणजे बोल्ट, भाऊ म्हणजे ॲक्सल. काय कापायचे आणि काय राखायचे, हे ज्याला कळले त्याला विवेक कळला.

काम तिथे संपत नाही. नवे नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळतात आणि गाडी थोडी चालली की पुन्हा आवळून घेतात. समेट झाल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा त्या घरी जावे, चहा घ्यावा, ते याचसाठी.

कीर्तनकाराला तेराव्याच्या कीर्तनाला पुष्कळ बोलावणी येतात. जिवंतपणी न बोललेला भाऊ मंडपाच्या कडेला खांबाला धरून उभा राहतो. त्याच्या डोळ्यांना धार असते. पण ते तेल आता कोणत्या फटीत घालायचे? म्हणून माऊली, येत्या वारीची पिशवी भरण्याआधी एकदा त्या दाराशी जा. पहिल्या दिवशी दार उघडले नाही तरी चालेल. तेलाला रात्र लागते.

रामकृष्ण हरी.